हवेतला निळू

गेल्या दिवाळीला माझ्या मामेभावाच्या मुलानं, तेजसनं, मला साबणाच्या वडीएवढी एक डबी भेट दिली. टीव्हीला जोडली की आमच्या तरुणपणचे सगळे व्हिडिओ गेम त्यातून हजर. पन्नाशी उलटलेल्या आत्याला लोक शाल देतात, रक्तदाब मोजायचं यंत्र देतात. या पोरानं गेम दिले म्हणून मी मनातून खूश झाले होते. त्यानं मोठ्या उत्साहानं मला कंट्रोलरवरचं एक बटण दाखवलं. "आत्या, हे बघ. मेलीस की हे दाबून धरायचं. गेम मागे जातो. पाहिजे तितका मागे. मग परत उडी मार." मी म्हटलं, "म्हणजे खाली पडलेला माणूस परत काठावर?" "एक्झॅक्टली!" तो म्हणाला. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. त्याला वाटलं, आत्याला झेपेना. आत्या जन्मभर गेम खेळत आलीय, नोकरीसुद्धा हिंजवडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची केलीय, तिला न झेपायला काय झालं? पण त्या बटणाशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते काय आहे हे आता एकदाच लिहून टाकते.

तक्रारी तशा माझ्याकडे पुष्कळ आहेत. हल्लीचा गेम सुरू करायचा तर आधी तो स्वतःला अपडेट करत बसतो. तेवढ्यात माझी कणीक मळून होते. मग अर्धा तास तो मला चालायला शिकवतो. 'पुढे जाण्यासाठी पुढे चला' अशी पाटी येते. पुण्यात पाट्यांची काही कमी होती म्हणून ही एक! कोपऱ्यात सारखं एक चक्र फिरत असतं, म्हणजे तुमचा खेळ आपोआप जपून ठेवला जातोय. कुणी सांगितलं होतं? आणि जे गेम इंटरनेटवर दहा जणांबरोबर खेळायचे असतात, ते मधेच थांबवता येत नाहीत. कुकरची शिट्टी होवो, दारात सिलिंडरवाला येवो, 'थांबा जरा' म्हणायची सोय नाही. जो थांबवता येत नाही तो खेळ कसला, ती नोकरी झाली. आमच्या वेळी बरोबर उलटं होतं. थांबवता यायचं, पण जपून ठेवता यायचं नाही. बटण बंद केलं की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे अर्धा झालेला गेम पॉजवर ठेवून, मशीन चालूच सोडून, माणसं जेवायला, शाळेत, कामावर जात. टीव्ही तेवढा बंद करायचा. बाकी भिंतीतला अडॅप्टर दिवसरात्र गरम, आणि त्याची ती बारीक गुणगुण.

आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. क्वार्टर्समधला दिवस भोंग्यांनी बांधलेला असे. पाळी सुरू व्हायच्या आधी एक इशाऱ्याचा, मग खरा. आईचे कान जन्मभर त्या भोंग्याकडे. वेळेवर झाला तर ती ऐकतही नसे, फोडणी टाकत राही. पण कधी कुठे लांब ट्रकचा हॉर्न तसा वाजला, की तिचा हात डब्याच्या झाकणावर तसाच थांबायचा. अवेळी भोंगा म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बाबांना मात्र त्याचं काही नव्हतं. अतिशय सावकाश माणूस. कारखान्याच्या दारात खिसे रिकामे करून आत जायचं, घड्याळ-अंगठी काढून ठेवायची, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरीसुद्धा कुठलंही नाजूक काम करायच्या आधी ते खिसे रिकामे करत. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करताना, माझ्या पायातला काटा काढताना, आणि पुढे गेम खेळताना.

गेम आमच्याकडे आला तोवर बाबा आणि मी एकमेकांना फारसे ओळखत नव्हतो. लहानपणी आम्ही दापोडीला एका खोलीत राहायचो. तेव्हाचे बाबा मला आठवतात ते झोपलेले किंवा कामावर निघालेले. मग क्वार्टर मिळालं, रंगीत टीव्ही आला, दुकानांत एकाएकी परदेशी वस्तू दिसायला लागल्या आणि बाबा कॅम्पातून एक दिवस ते पांढरं-लाल मशीन घेऊन आले. कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. सोबत एकच कॅसेट. वरचं लेबल चिनी का जपानी, कोण जाणे. त्यातला माणूस निळ्या कपड्यांतला म्हणून आम्ही त्याला निळू म्हणायला लागलो. निळूनं संध्याकाळच्या नारिंगी आभाळाखाली गच्च्यांवरून उड्या मारत जायचं. कुठे पोहोचायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण शेवटापर्यंत आम्ही गेलोच नाही. कॅसेट चालेना की मी खालून फुंकर मारायची, बाबा म्हणायचे, "थुंकी उडवू नकोस, नुसती हवा." मग खिशातली चिल्लर, रुमाल, घड्याळ टीव्हीवर ओळीनं मांडून ते बसायचे. मी अकरावीत गेले तोवर आमची अशी काही गट्टी जमली होती की आई म्हणायची, "बाप-लेक त्या निळ्या मेल्याला जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी वर्षात बोलत नाहीत." आणि ते खरंच होतं. निळूच्या निमित्तानं बाबा मला त्यांच्या गावचं, त्यांच्या वडलांचं, काय काय सांगायचे. नजर टीव्हीवर असली की त्यांना बोलता यायचं.

आमचा एकाच गोष्टीवरून वाद होई. एकटी खेळताना मला एक युक्ती सापडली होती. निळूनं उडी मारली आणि अंदाज चुकला असं वाटलं, तर हवेतच मागचं बटण दाबायचं. तो वळतो आणि ज्या गच्चीवरून निघाला तिथे परत येऊन उभा राहतो. मी बाबांना करून दाखवलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "असं कुठे असतं का?" ते म्हणाले. "उडी मारली की मारली. माणूस हवेतून परत येतो का?" मी म्हटलं, "अहो बाबा, पडण्यापेक्षा बरं ना." तर म्हणाले, "पडू दे. पण मागे नाही घ्यायचं." त्यांनी ती युक्ती कधीच वापरली नाही. पॉजसुद्धा ते नेहमी निळूला पाण्याच्या टाकीआड सुरक्षित उभं करून मग घेत. हातातलं काम अर्धवट टाकून उठणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

शिवाय गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे तेव्हा ठरलेलंच. दुरुस्तीसाठी म्हणून सकाळी जी जाई ती संध्याकाळीच येई. त्यामुळे आमच्या निळूचं आयुष्य एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंतचं. शुक्रवारी नव्यानं जन्म, बुधवारपर्यंत जमेल तितकं पुढे जायचं, गुरुवारी सगळं पुसलं. आईचा दत्ताचा उपास गुरुवारी, ती म्हणायची, "निदान त्या दिवशी तरी घरात शांतता."

त्या आठवड्यात आम्ही कधी नव्हे इतके पुढे गेलो होतो. नव्या गच्च्या, नव्या रंगाची आभाळं. निळूचा शेवटचा जीव उरला होता. बाबांची दुपारपाळी होती. आईनं फोडणीची पोळी केली होती, ती ताटलीत तशीच, आणि बाबा "एवढी एक गच्ची" म्हणत बसलेले. तेवढ्यात इशाऱ्याचा भोंगा झाला. रोज होतो तसाच, वेळेवर. पण बाबा दचकले आणि त्यांच्या अंगठ्यानं उडी मारली. मग लगेच, निळू हवेत असतानाच, त्यांनी पॉज दाबला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. क्षणभर ते टीव्हीकडे बघत राहिले. मीही बघत होते. मग उठले, चिल्लर खिशात टाकली, घड्याळ घातलं आणि दारातून म्हणाले, "सुमे, हात लावू नकोस हं. आल्यावर बघतो." मी टीव्ही बंद केला.

आईनं जन्मभर कारखान्याची धास्ती घेतली आणि झालं ते रस्त्यात. पुलाच्या उतारावर कुणाच्या तरी ट्रकमधून डिझेल सांडलं होतं, बाबांची स्कूटर घसरली. कारखान्याच्या दारापर्यंतसुद्धा ते पोहोचले नव्हते. हेल्मेट घरी, मोरीवरच्या माळ्यावर, त्यात आईनं लसूण ठेवलेला. आजही पुण्यात हेल्मेटवरून विनोद करतात, मी हसत नाही. डोक्याला मार लागला होता. बाहेरून फार काही दिसत नव्हतं, फक्त बाबा उठत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "वाट बघायची." आई दवाखान्यातून घरी आली ती साडी बदलायला. मी रडून रडून थकले होते आणि काहीतरी करायचं म्हणून गेमचा अडॅप्टर काढायला वाकले होते. आई दारातूनच म्हणाली, "राहू दे." मग म्हणाली, "हात लावू नकोस म्हणाले ना ते? मग नको लावूस." तिनं स्वतःच्या हातानं टीव्ही सुरू केला. नारिंगी आभाळात, दोन गच्च्यांच्या मधोमध, हात वर करून निळू थांबलेला होता. खाली काळी पोकळी. "दिसू दे तो," आई म्हणाली. "बंद नाही करायचा."

त्या दिवसापासून आमचा टीव्ही बंद झाला नाही. आवाज नव्हता, नुसता उजेड. भिंती, भांडी, बाबांच्या फोटोची काच, सगळं नारिंगी. शेजारच्या शेखचाची डबा घेऊन यायच्या. त्या दारात उभं राहून टीव्हीकडे बघत आणि हळूच विचारत, "काय लागलंय?" आई म्हणायची, "काही नाही." चाची पुन्हा विचारायच्या नाहीत. आई दिवसा दवाखान्यात, मी घरी. संध्याकाळी थोडा वेळ मी जाऊन यायची, रात्री तिथे कुणाला थांबू देत नसत. बाहेर पडताना ती आधी देवाला हात जोडी, मग टीव्हीकडे एकदा बघून घेई. मला तिची भीती वाटायला लागली होती.

एका संध्याकाळी ती आली आणि चप्पलही न काढता टीव्हीसमोर उभी राहिली. "सुमी, हा खाली आलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, तो पॉजवर आहे. हलणार कसा?" "मी रोज बघते. खाली आलाय." तिनं कपाळावरची टिकली काढली आणि टीव्हीच्या काचेवर, निळूच्या पायांच्या बरोबर खाली, थोडी जागा सोडून चिकटवली. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तेव्हा निळूचे पाय टिकलीला टेकले होते. मी डोळे चोळले, बाजूनं पाहिलं, खाली बसून पाहिलं. टेकले होते. त्या दिवशी बाबांना ताप भरला होता.

सदाशिव पेठेतून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, त्यानं नुकताच तिथे कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण असे आणि ते तो समोरच्याला कमीपणा येईल अशाच बेतानं सांगत असे. त्यानं टीव्ही पाहिला, टिकली पाहिली, आईला म्हणाला, "ताई, हळद-कुंकू राहिलंय का व्हायचं?" मग मला समजावलं, "संध्याकाळी सगळ्या क्वार्टर्समध्ये दिवे लागतात, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसतं. वरचं खाली येतं, खालचं वर. एवढंच. आणि असं एकच चित्र ठेवलंत तर ट्यूब जळेल, मग बसा भजनं म्हणत." मला ते पटलं. पटायला हवंच होतं. फक्त सकाळी व्होल्टेज परत चढल्यावर निळूनं वर जायला हवं होतं. सकाळी मी पाहिलं. टिकली त्याच्या घोट्यापर्यंत आली होती.

आता मी जे त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. ती उडी चुकलेली होती. पुढची गच्ची लांब होती आणि बाबांनी काठावर यायच्या आधीच पाय उचलला होता. हजारदा खेळलेल्या माणसाला ते एका नजरेत कळतं; मला कळलं होतं, आणि दारातून टीव्हीकडे बघताना बाबांनाही कळलं असणार. पॉज काढला की निळू पडणार. आई त्याच्यासमोर बसून पोथी वाचायची आणि मी तिच्या पाठीमागे बसून पुन्हा पुन्हा नजरेनं ती लांबी मोजायची. प्रत्येक वेळी कमीच भरायची. मी शिकलेली मुलगी, बारावीला फिजिक्स घेतलेलं, मला माहीत होतं की एका कॅसेटचा आणि दवाखान्यातल्या माणसाचा काही संबंध नसतो. माहीत होतं, तरी मी रात्री टीव्हीकडे पाठ करून झोपू शकत नव्हते.

आणि गुरुवार जवळ आला. बुधवारी आईनं मामाला गाठलं. "तुझ्या क्लासात लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालतात ना? ते जे काय आहे ते घेऊन ये." मामा म्हणाला, "ताई, तो यूपीएस आहे, अंगारा नाही." गुरुवारी सकाळी मामा तो धोंड्यासारखा जड डबा स्कूटरवर पायांशी ठेवून, संचेतीच्या चौकापासून शिव्या देत, खडकीला आला. आई पहाटेच दवाखान्यात गेली होती. मामानं घाम पुसला, यूपीएस टीव्हीशेजारी ठेवला, त्याची वायर मोकळी केली आणि अडॅप्टरच्या पिनेकडे हात नेला. हात तसाच थांबला. मीही त्याच क्षणी समजले. निळूला यूपीएसवर घ्यायचा तर आधी त्याची पिन भिंतीतून काढायला हवी होती. आणि पिन काढली की संपलं. कालपासून आई, मामा, मी, तिघांनाही हे सुचलं नव्हतं. पेठेतला कॉम्प्युटरचा क्लास आणि माझं फिजिक्स, दोन्ही त्या पिनेसमोर उकिडवे बसले होते.

घड्याळात लाइट जायची वेळ झालीच होती. बाहेर बायका घाईघाईनं पाणी भरत होत्या, मिक्सर चालू होते, सगळ्या बिल्डिंगला ते शेवटचे क्षण माहीत होते. टिकली निळूच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. मला अजून वाटतं की त्या आठवड्यात तो पडत होता. पॉजवर असूनही, आपल्या आपण, फार सावकाश पडत होता. मामा खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "सुमे, उतरव त्याला." त्यानं कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. "असा लटकलेला नको जायला. तुला येतं ना? उतरव."

मी ओढणीच्या गाठीतली चिल्लर सोडून टीव्हीवर ठेवली. बांगडी काढली, घड्याळ काढलं, ओळीनं मांडलं. कंट्रोलरवर बाबांच्या अंगठ्याचा डाग होता, फोडणीच्या पोळीची हळद. पुढे जायचं म्हणजे पडायचं. मी अंगठा मागच्या बटणावर ठेवला. 'मागे नाही घ्यायचं' हे मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं, तरी अंगठा काढला नाही. पॉज सोडला. तो छोटासा टुडुक आवाज झाला, आणि इतके दिवस थिजलेला निळू हवेत गर्रकन वळला. काठाच्या अगदी टोकाला त्याचा पाय लागला. तो मागच्या गच्चीवर, जिथून निघाला होता तिथे, उभा राहिला. खांदे वर-खाली होत होते, गेममध्ये काही केलं नाही की व्हायचे तसे. मी दुसरं काहीच दाबलं नाही. मामानं श्वास सोडला आणि लाइट गेली. चित्र आक्रसून एका ठिपक्याएवढं झालं, ठिपका विझला. मग आम्हाला काळ्या काचेत दिसलं. दोन गच्च्यांच्या मधे, हात वर केलेला, फिकट राखाडी निळू अजून हवेतच होता. "ट्यूब जळलीय," मामा म्हणाला. "मी म्हणालो होतो." त्यानं क्रोशाचा रुमाल ओढून काच झाकली, आणि तेवढ्यात जिन्यातून शेखचाचींनी हाक मारली, त्यांच्याकडे फोन आला होता. आईचा. बाबांनी डोळे उघडले होते.

मी धावत दवाखाना गाठला. बाबा उशीला टेकून बसले होते, आई त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. मला बघून बाबांनी जरा सावरून बसायचा प्रयत्न केला, परकं माणूस आलं की करतात तसा. हसले. म्हणाले, "या. आपण कोण?" मग माझ्याकडे बघतच आईला म्हणाले, "सुमी शाळेतून आली असेल, नाही का? किल्ली शेजारी दिलीय ना?" किल्ली शेजारी ठेवायचो ती दापोडीला. मी तिसरी-चौथीत असताना. आईच्या हातातला चमचा खाली पडला नाही, काही झालं नाही; ती म्हणाली, "दिलीय. तुम्ही पडा."

त्यानंतरची ती सगळी वर्षं बाबांना कधीच परत आली नाहीत. क्वार्टर नाही, टीव्ही नाही, निळू नाही, माझं मोठं होणं नाही. मी त्यांची मुलगी आहे हे ते शिकले, पत्ता शिकावा तसं. पण मला ते 'तुम्ही'च म्हणत. "सुमेधाताई, चहा घेतलात का?" इतकं अदबीनं की पाहुण्यांना कौतुक वाटे आणि मला न्हाणीघरात जाऊन नळ सोडावा लागे. एकदा मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी खिसे रिकामे केले नाहीत. उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला, "छान आहे. जपून ठेवा." मी आईला सांगितलं होतं की मी निळूला मागे फिरवलं. आई भाजी निवडत म्हणाली, "मागे का होईना, उतरला ना? मला तेवढं पुरतं." तिला पुरलं. मला पुरलं नाही. उडी खरंच चुकलेली होती का, याची माझी खात्री वर्षागणिक कमी होत गेली. कदाचित पोहोचला असता. कदाचित थोडक्यात पोहोचला असता आणि जे बाबा माझ्याशी बोलायचे, ते बाबा मला परत मिळाले असते. उडी लांबीला कमी होती हे मी आईला, मामाला, कुणालाही सांगितलं नाही. ते सारवासारव केल्यासारखं वाटलं असतं.

टीव्ही मात्र तोच राहिला. पुढे केबल आली, चॅनेल वाढले, बातम्या सांगणाऱ्या बायकांच्या गळ्यापाशी, क्रिकेटच्या मैदानात, साबणाच्या जाहिरातींत, सगळ्याच्या मागे आमचा राखाडी निळू हात वर करून लटकलेला. बाबा रोज त्याच्यातून बातम्या बघत. कधी एका शब्दानं विचारलं नाही. आईनं टिकलीही काढली नाही.

मला हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी नवा टीव्ही घेतला, जुना द्या, नवा घ्या अशा योजनेत. दुकानाची माणसं जुना न्यायला आली. दोघांनी तो उचलला, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी आधी सदऱ्याच्या खिशातून चिल्लर काढली, रुमाल काढला, घड्याळ काढलं, सगळं खिडकीत ओळीनं ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी काचेवरच्या टिकलीवर बोट ठेवलं. "हळू न्या," ते त्या माणसांना म्हणाले. "जिन्यात वळताना जपा. आत माणूस आहे." ती माणसं हसली आणि बाहेर पडली. बाबा जिन्यातला आवाज विरेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तिथून त्याला जमणारच नव्हतं, सुमे," ते म्हणाले. "मी पाय लवकर उचलला होता."

मग त्यांनी चिल्लर परत खिशात भरली, खुर्चीत बसले आणि विचारलं, "सुमेधाताई, नवा टीव्ही कधी येतोय तुमचा?"